उन्हाळ्यातली फळं-भाजी: फ्रीजमध्ये ठेवूनही सगळं नासतंय, माझं काय चुकतंय?

निवांत_दुपार

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचनमात्र होते पण काल फ्रीज साफ केला आणि आता धागा काढल्याशिवाय राहवत नाहीये. आमच्याकडे आठवड्यातून एकदाच बाजार होतो, दोघंही नोकरीला, त्यामुळे एकदम दोन मोठ्या पिशव्या भरून आणायच्या आणि आल्या आल्या सगळं फ्रीजमध्ये कोंबायचं अशी पद्धत. थंडीच्या दिवसांत हे बरं चालतं. पण उन्हाळा लागला की चौथ्या दिवशी काय काय निघतं बघा: काकड्यांवर खड्डे पडून त्या बुळबुळीत झालेल्या, कोथिंबिरीचा काळा चिखल, भेंडीवर काळे डाग, आणि कच्चे आंबे जे मी फ्रीजमध्ये ठेवले होते ते पिकलेच नाहीत, नुसते सुरकुतले आणि राखाडी पडले. केळी तर विचारूच नका. वर कलिंगड कापलं ते आतून फिकं गुलाबी, चव पाण्याची.

म्हणजे निवडायलाही येत नाही आणि टिकवायलाही येत नाही असं झालंय माझं. फ्रीज नवीन आहे, चांगला गार होतो, त्यामुळे फ्रीजचा दोष नसावा. प्लीज अनुभवी लोकांनी सांगा, अगदी बाळबोध सांगितलं तरी चालेल.

उगाचच

फ्रीज चांगला गार होतो हाच दोष आहे. बसतो, मजा येणार या धाग्यावर.

चष्मिष

उगाचच यांनी चेष्टेत खरं ते सांगून टाकलंय. थोडं सविस्तर लिहिते, लांबेल, सांभाळून घ्या.

भाजी किंवा फळ तोडलं म्हणजे मेलं असं आपल्याला वाटतं, पण ते जिवंतच असतं. श्वास घेत असतं, स्वतःतली साखर जाळत असतं आणि पाणी सोडत असतं. साधारण दर १० अंश तापमान वाढलं की हा श्वास दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून उन्हाळ्यात सगळं भराभर उतरतं आणि म्हणूनच गार ठेवल्यावर टिकतं. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे.

पण गंमत अशी की सगळ्यांना गारवा सोसत नाही. उष्ण हवेतली जी पिकं आहेत, काकडी, भेंडी, वांगं, टोमॅटो, आंबा, केळं, त्यांना थंडी बाधते. काकडी १० अंशांच्या खाली दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त राहिली की तिच्या पेशी फुटायला लागतात, आधी बारीक खड्डे पडतात, मग पाणी सुटतं, मग बुळबुळ. केळ्याला १३च्या खालीच त्रास सुरू होतो. कच्च्या आंब्याचंही तसंच, १२-१३च्या खाली ठेवला की पिकायची यंत्रणाच बिघडते आणि मग बाहेर काढून कितीही दिवस ठेवा, तो धड पिकत नाही. तुमचे राखाडी आंबे म्हणजे ह्याचंच उदाहरण. आणि घरचा फ्रीज असतो ४ अंशांच्या आसपास, तो तसाच असायला हवा कारण दूध, शिजवलेलं अन्न वगैरे त्याच्या वरच्या तापमानाला सुरक्षित राहत नाही. म्हणजे तुम्ही एका कपाटात अशा दोन मंडळींना ठेवलंय ज्यांचं एकमेकांशी पटूच शकत नाही.

त्यामुळे घरी आल्यावर प्रत्येक वस्तूला मनातल्या मनात तीन प्रश्न विचारायचे. तू तोडल्यावर अजून पिकणार आहेस का? तुला थंडी बाधते का? तुझं पाणी किती लवकर उडतं? पालेभाजीचं पाणी तासाभरात उडतं पण थंडीचं तिला काही वाटत नाही, म्हणून ती आधी आत. आंबा अजून पिकायचाय, तो बाहेर, पिकला की आत. केळं कायम बाहेर. कांदे-बटाटे अंधारात, वेगवेगळे.

निवांत_दुपार

बापरे चष्मिष, हे कुणी आधी सांगितलं असतं तर... केळ्यांबद्दल एक शंका, सासूबाई पिकलेली केळी फ्रीजमध्ये ठेवतात, सालं काळी ठिक्कर पडतात आणि मग मी ती टाकते. चुकीचं करतेय का?

चष्मिष

टाकू नका हो! पूर्ण पिकलेलं केळं आत ठेवलं तर साल काळी पडते पण आतला गर दोन-तीन दिवस छान राहतो. त्यांचं बरोबर आहे. हिरवं केळं मात्र आत ठेवायचं नाही.

निवांत_दुपार

हे घरी सांगणार नाहीये :)

घरचीशेती

चांगला धागा. मी निवडण्याबद्दल लिहितो, साठवण्याचं बाकीचे बघतीलच. कारण माझं मत असं की अर्धी लढाई विकत घेतानाच जिंकलेली किंवा हरलेली असते, घरी आणल्यावर डबे बदलून काही होत नाही.

आधी हे डोक्यात पक्कं करा की काही फळं तोडल्यावर पिकतात आणि काही अजिबात पिकत नाहीत. आंबा, केळं, पपई, चिकू, पीच, प्लम, टोमॅटो हे पिकतात. हे थोडे कच्चे घेतले तरी चालतात, उलट आठवड्याची खरेदी असेल तर निम्मे कच्चे निम्मे तयार असेच घ्यावेत. पण कलिंगड, द्राक्षं, अननस, लिंबू-संत्री, स्ट्रॉबेरी, लिची यांना तोडलं तेव्हा जेवढी गोडी होती तेवढीच. घरी ठेवून गोड होईल ही आशा सोडा. अननसाची साल पिवळी होईल, तो मऊ होईल, पण साखर वाढायची नाही. त्यामुळे ही फळं घेताना चोखंदळ व्हायचं.

आता कलिंगड. ते जमिनीवर ज्या बाजूला टेकलेलं असतं तिथे एक डाग असतो. तो लोण्यासारखा पिवळा हवा. पांढरट किंवा हिरवट असेल तर लवकर तोडलंय. साल खूप चकचकीत नको, जरा निस्तेज हवी. आणि एकसारख्या आकाराची दोन हातात घेऊन जे जड लागेल ते घ्या. वेलीवर असताना आम्ही देठाजवळचा गुंडाळलेला तंतू बघतो, तो वाळला की फळ तयार, पण बाजारात तो क्वचितच शिल्लक असतो.

एकटाजीव

आणि वाजवून बघायचं ते? माझे काका कानाला लावून वाजवतात आणि असं गंभीर तोंड करतात की विकणारापण गप्प बसतो.

घरचीशेती

वाजवून कळतं, पण ज्याने शेकडो वाजवलीत त्याला. पिकलेलं जरा खोल, घुमल्यासारखं वाजतं, कच्चं टणक वाजतं, आणि फार पिकून गेलेलं बद्द वाजतं. आठवड्यातून एक कलिंगड आणणाऱ्याने वाजवलं तर त्याला फक्त आवाज येतो, उत्तर येत नाही.

उगाचच

हा हा हा. शेवटचं वाक्य जपून ठेवतो.

पानपसारा

आमच्यात टरबूज म्हणतात, ते असो. मला विचारायचं होतं, नर आणि मादी टरबूज असतं असं एक फॉरवर्ड फिरतंय, गोल ते मादी आणि गोड, लांबट ते नर आणि पाणचट. खरं का? आणि लाल रंगाचं इंजेक्शन देतात ते?

घरचीशेती

फुलं नर-मादी असतात, फळ नाही. फळ धरतं ते फक्त मादी फुलालाच, मग नर फळ येणार कुठून. आकार वाणावर असतो.

चष्मिष

इंजेक्शनबद्दल: कलिंगडाला भोक पाडलं की तिथून जंतू आत जातात आणि उन्हाळ्यात ते फळ बघता बघता आंबायला लागेल, शिवाय रंग सुईच्या आसपासच राहील, सगळीकडे सारखा पसरणार नाही. आतून गडद लाल असणं हे वाणाचं आणि पिकण्याचं काम आहे, तो रंग लायकोपिनचा, जो टोमॅटोतही असतो. आतमध्ये भेग पडलेली किंवा पोकळी असली तरी लोक घाबरतात, ती फळाच्या वाढीतली गडबड असते, खायला काही हरकत नाही. मात्र आंबूस वास, फेस किंवा चिकटपणा असेल तर सरळ टाकायचं.

अख्खं कलिंगड फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, सावलीत, हवा लागेल असं बाहेर ठेवा, आठवडाभर सहज राहतं. कापलं की मात्र नियम बदलतो. कापलेलं कुठलंही फळ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. कापून झाकणाच्या डब्यात, ३-४ दिवसांत संपवायचं.

सत्तरीपार

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मला एक सांगावंसं वाटतं, खरबूज आणि कलिंगड कापण्याआधी धुता का रे बाळांनो? मी इतकी वर्षं धूत नव्हते, साल कुठे खायचीये म्हणून. मग सुनेने समजावलं की सुरी सालीतून आत जाते तेव्हा सालीवरची घाण गरात नेते. तेव्हापासून वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून, पुसून मगच कापते.

चष्मिष

काकू, सूनबाईंना शंभर मार्क. विशेषतः खरबूज, त्याच्या जाळीदार सालीत माती आणि जंतू अडकून बसतात. २०११ मध्ये अमेरिकेत खरबुजातून लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ आली होती आणि त्यात ३३ लोक गेले. हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, म्हणजे कापलेलं फळ फ्रीजमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. साबण मात्र लावू नका कुठल्याच फळाला, साल सच्छिद्र असते, साबण आत मुरतो.

पानपसारा

औषध फवारणीचं काय मग? मी मीठ-व्हिनेगर-हळद सगळं करून दमले.

चष्मिष

वाहतं पाणी आणि हाताने चोळणं हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यापुढे जायचं असेल तर खायचा सोडा. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला होता, लिटरला १० ग्रॅम सोडा, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे, त्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर त्यांनी तपासलेल्या दोन औषधांचे सालीवरचे अंश साध्या पाण्यापेक्षा चांगले निघाले. पण जे सालीच्या आत मुरलंय ते नाही निघत. आणि हे खायच्या आधी करायचं, साठवायच्या आधी नाही.

निवांत_दुपार

थांबा थांबा, इथे माझा मुख्य प्रश्न. आधी धुवून ठेवायचं की नाही? मी सगळं धुवून ठेवते कारण आठवड्यात वेळ नसतो. आई म्हणते धुतलं की नासतं.

सत्तरीपार

आईचं ऐक.

पानपसारा

माझा वेगळा अनुभव आहे, मी पालेभाजी धुवूनच ठेवते आणि छान राहते. पण, आणि हा पण मोठा आहे, धुतल्यावर सुती पंचावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडी करते, अगदी पान हाताला लागलं तर ओलं वाटता कामा नये, मग डब्याच्या तळाला कोरडा टिश्यू किंवा मऊ सुती कापड, त्यावर पानं दाबून न भरता सैल, वर पुन्हा कापड. दोन दिवसांनी कापड ओलसर झालेलं असतं ते बदलायचं. पालक पाच-सहा दिवस जातो. ज्याला एवढं करायचं नाही त्याने न धुताच ठेवावं. अर्धवट ओलं ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार, त्यातच चिखल होतो.

कोथिंबीर मी दोन प्रकारे करून बघितली. मुळांसकट मिळाली तर पेल्यात दोन बोटं पाणी घालून फुलांसारखी उभी करायची आणि वरून पिशवी सैल टोपीसारखी घालून फ्रीजमध्ये, पाणी एक दिवसाआड बदलायचं. मुळं नसतील तर निवडून पिवळी काळी पानं काढून कोरड्या कापडात. एक कुजलेलं पान राहिलं की ते बाकीच्यांना घेऊन जातं, त्यामुळे निवडणं टाळायचं नाही. मुळा, बीट, गाजर पाल्यासकट आणलं तर पाला लगेच तोडून वेगळा ठेवायचा, नाहीतर पानं कंदातलं पाणी ओढून घेतात आणि गाजर रबरासारखं होतं.

एकटाजीव

इतकं सगळं एका कोथिंबिरीसाठी?? मी एकटा माणूस, जुडीतल्या चार काड्या वापरतो.

पानपसारा

मग बाकीची चिरून थोडं तेल किंवा पाणी घालून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठव. वरून घालायला नाही चालणार, पण शिजवायच्या पदार्थात एक क्यूब टाकायचा आणि विसरायचं.

एकटाजीव

हे जमेल. धन्यवाद ताई.

उगाचच

भेंडीचा निकाल लावा. माझी भेंडी दुसऱ्या दिवशीच चिकट.

सत्तरीपार

धुवून ठेवली असशील. भेंडीला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, चिरायच्या आधी धुवायची आणि पुसायची. घेताना टोक मोडून बघायचं, कट्कन मोडलं तर कोवळी, वाकलं तर जून. (मोडून बघताना विकणाऱ्याच्या नजरेला नजर देऊ नये.) वांग्याचा देठाकडचा भाग हिरवा आणि ताजा हवा, साल तकतकीत, आणि अंगठ्याने हलकेच दाबलं तर परत वर यायला हवं. दबलेलं तसंच राहिलं तर आत बिया काळ्या झालेल्या असतात.

चष्मिष

काकूंच्या यादीत दोन गोष्टी जोडते. भेंडी आणि वांगं दोन्ही थंडीला घाबरणारे, त्यामुळे फ्रीजच्या मागच्या भिंतीला, जिथे सगळ्यात गार असतं, तिथे ठेवू नका. काकडी कोरड्या कापडात गुंडाळून समोरच्या बाजूला ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. तिला केळी, आंबे, टोमॅटो यांच्या शेजारी ठेवू नका, त्यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि त्याने काकडी पिवळी पडते, पालेभाजीची पानं पिवळी पडतात. उलट हाच वायू आपल्या कामाचाही आहे. कच्चे आंबे लवकर पिकवायचे असतील तर कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा, वायू आत कोंडला जातो आणि पिकणं वेग घेतं. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत नको, घाम येऊन बुरशी धरते. एका थरात ठेवा, रोज हात फिरवून बघा, जो तयार झाला तो बाहेर काढून फ्रीजमध्ये, तिथे चार-पाच दिवस थांबतो.

बऱ्याच फ्रीजमध्ये खालच्या ड्रॉवरला एक छोटी सरकती खिडकी असते, ती काय आहे हे न बघता वर्षानुवर्षं लोक वापरतात. बंद केली की आत दमटपणा राहतो, तो ड्रॉवर पालेभाजीचा. उघडी ठेवली की वायू आणि दमटपणा निघून जातो, तो ड्रॉवर पिकलेल्या फळांचा.

निवांत_दुपार

आत्ता जाऊन बघितलं. आहे. दोन वर्षं झाली फ्रीज घेऊन आणि मला वाटत होतं ते ड्रॉवरचं डिझाइन आहे.

उगाचच

टोमॅटोचं काय ठरलं मग? आमच्याकडे त्यावरून रोज वाद. बायको आत, मी बाहेर. म्हणजे टोमॅटो.

चष्मिष

दोघंही बरोबर, वेळ वेगळी. अर्धाकच्चा टोमॅटो बाहेरच. गारव्याने त्याचा वास तयार करणारी यंत्रणा मंदावते, २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी ५ अंशांना सात दिवस ठेवलेल्या टोमॅटोंवर हे दाखवलंय, एक दिवस बाहेर ठेवूनही तो वास पूर्ण परत आला नाही. पण उन्हाळ्यात स्वयंपाकघर भट्टी झालेलं असतं, पूर्ण लाल टोमॅटो बाहेर एका दिवसात गळतो. तो आत ठेवलेला बरा. चव थोडी जाते, टोमॅटो तरी हातात राहतो. कच्चा खायचा असेल तर अर्धा-एक तास आधी बाहेर काढा.

घरचीशेती

बटाट्याबद्दल लिहा कुणीतरी, कांदे-बटाटे एका टोपलीत बघितले की माझं डोकं फिरतं.

चष्मिष

लिहिते. कांद्याला कोरडी हवा हवी, बटाट्याला जरा दमट आणि अंधार. एकत्र ठेवले की बटाट्याच्या ओलाव्याने कांदा कुजतो. बटाट्यावर उजेड पडला की तो हिरवा होतो. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी आहे पण त्याच्यासोबत सोलॅनिन नावाचं विष वाढलेलं असू शकतं, म्हणून हिरवा भाग आणि कोंब खोल कापून टाकायचे, फारच हिरवा असेल तर बटाटाच टाकायचा. फ्रीजमध्ये ठेवला की स्टार्चची साखर होते आणि तळताना लवकर करपतो, म्हणून वर्षानुवर्षं आत ठेवू नका असं सांगितलं जायचं, पण ब्रिटनच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये हा सल्ला बदलला आणि घरी फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही म्हटलं. मी तरी तळायचे असतील तर बाहेरचेच घेते.

एकटाजीव

मक्याचं कणीस? परवा आणलं, दोन दिवसांनी उकडलं, गोड म्हणून आणलेलं पिठूळ निघालं. फसवलं वाटतं मला.

घरचीशेती

फसवलं नाही, उशीर केलास. गोड मका तोडल्या क्षणापासून साखरेचं पीठ करायला लागतो. ३० अंशांना एका दिवसात जवळजवळ ६० टक्के साखर जाऊ शकते, आणि शून्य अंशाला ठेवला तर ६ टक्केच. म्हणजे बाजारात दुपारी उन्हात ढीग करून ठेवलेलं कणीस हे आधीच निम्मं पीठ झालेलं असतं. सकाळी लवकर घे, सालं हिरवी आणि घट्ट हवीत, वरचे केस तपकिरी पण ओलसर, पूर्ण वाळलेले नकोत. सालं न काढता लगेच फ्रीजमध्ये आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी खायचं. भेंडीला थंडी बाधते, मक्याला मात्र जितकी गार तितकी चांगली.

पानपसारा

जास्त आणला असेल तर उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं घालून, बर्फाच्या पाण्यात गार करून, दाणे काढून गोठवायचे. ही उकळ दिल्याने आतली क्रिया थांबते. न उकळता गोठवलेले दाणे महिन्याभरात विचित्र लागतात, करून बघितलंय आणि पस्तावलेय.

सत्तरीपार

एक महत्त्वाचं राहिलं. दुधी, काकडी, दोडका कडू निघाला तर "भाजीत मुरेल" म्हणून शिजवू नका. आधी एक छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा. काकडीचा देठाकडचा जरासा कडवटपणा कापून टाकला की भागतं, पण दुधी कडूजहर असेल तर तो खाऊ नये, रस तर मुळीच नाही.

चष्मिष

अगदी खरं. त्यातलं कुकुर्बिटासिन शिजवूनही जात नाही आणि उलट्या-जुलाब, क्वचित त्याहून गंभीर त्रास होऊ शकतो. कडू म्हणजे टाकायचं, यात काटकसर नको.

बुरशीचंही सांगून टाकते. गाजर-कोबीसारख्या टणक भाजीवर छोटा ठिपका असेल तर त्याच्या भोवतालचा आणि खालचा दोन-अडीच सेंटिमीटर भाग कापून बाकीचं वापरता येतं. मऊ फळांत, पीच, स्ट्रॉबेरी, टोमॅटो यांत, बुरशीचे धागे आत कुठवर गेलेत दिसत नाहीत, ते फळ पूर्ण टाकायचं.

निवांत_दुपार

आणि लाइट गेली तर? आमच्याकडे उन्हाळ्यात हमखास.

चष्मिष

दार उघडायचं नाही. बंद फ्रीज साधारण चार तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. लोक दर दहा मिनिटांनी उघडून "अजून गार आहे का" बघतात, त्यानेच तो गरम होतो.

घरचीशेती

फ्रीजच नसेल किंवा भरला असेल तर मातीच्या दोन भांड्यांचा प्रकार करून बघा. मोठ्या भांड्यात छोटं भांडं, मधल्या फटीत वाळू, वाळू ओली ठेवायची, वर ओलं कापड. पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जातं. नायजेरियातले महंमद बाह अब्बा नावाचे शिक्षक होते, त्यांनी ही जुनी कल्पना गावोगावी पोचवली, २००० साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्यांच्या चाचण्यांत तीन दिवस टिकणारी वांगी २७ दिवस टिकली होती. मी केलंय, माझी २७ दिवस नाही राहिली पण आठवडा आरामात गेला. आणि बघा, हा गारवा १५-२० अंशांचा असतो, म्हणजे वांगी-टोमॅटो-काकडी यांना फ्रीजपेक्षा मानवणारा. अट एकच, हवा कोरडी हवी. दमट हवेत पाणी उडतच नाही, तिथे नुसतं ओलं मडकं.

उगाचच

लिंबू राहिलं.

सत्तरीपार

पातळ गुळगुळीत सालीचं, हाताला जड. बाहेर ठेवलं तर आठवड्यात दगड. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवलं तर तीन-चार आठवडे रसदार. संपलं लिंबू.

निवांत_दुपार

(तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.)

रिपोर्ट द्यायला आले. आधी सगळ्यात मोठा बदल सांगते, मी एकदम दोन पिशव्या आणणं बंद केलं. आठवड्याच्या बाजाराला फक्त टिकणारं आणि पिकायचं, मधे एकदा बुधवारी येताना पालेभाजी, भेंडी, मका असं पळणारं. फ्रीज निम्मा रिकामा दिसतो त्यामुळे मागे काय आहे ते दिसतं, आणि दिसतं म्हणून खाल्लं जातं. पहिल्या आठवड्यात काकडी आणि एक वांगं टाकलं, दुसऱ्यात फक्त थोडी कोथिंबीर, या आठवड्यात अजून काही नाही. पालक सहा दिवस राहिला, पानपसारा ताई, कापड बदलायची पद्धत एक नंबर आहे. आंबे कागदी पिशवीत चार दिवसांत पिकले, रोज संध्याकाळी मुलगी दाबून बघते, तिने इतकं दाबलं की एक आंबा तिच्याच बोटांच्या खुणांनी मऊ झाला.

सासूबाईंची केळी मी आता खाते. त्या बघतात, काही बोलत नाहीत, मीही काही बोलत नाही.

कलिंगड मात्र... डाग लोण्यासारखा पिवळा होता, साल निस्तेज, जड पण होतं, सगळं बघून घेतलं, वाजवलं नाही कारण घरचीशेती यांनी सांगितलं होतं. कापलं तर लाल होतं, पण गोडी बेताचीच. काय चुकलं?

घरचीशेती

काही चुकलं नाही. या सगळ्या खुणा फळ तयार आहे की नाही एवढंच सांगतात, गोड किती ते नाही. तोडणीच्या आधी पाणी जास्त झालं किंवा पाऊस पडला की गोडी उतरते आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही.

परवा मी स्वतः लावलेलं, स्वतः तंतू बघून तोडलेलं, घरातल्या सगळ्यांना बोलावून कापलं. फिकं निघालं. नातवाने मीठ मागितलं.

उगाचच

वाजवलं होतं का?

घरचीशेती

वाजवलं होतं.